मुलांचें सहवाचन आणि रानांतील जीव

ऑस्ट्रेलियांत दरवर्षीं मे महिन्यांत एक दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं ठरलेल्या घटकेस त्या खंडप्राय देशांतील ग्रंथालयांत, शाळांत, बालवाड्यांत आणि घराघरांत एकच चित्रमय गोष्ट मोठ्यानें वाचली जाते. तेथील ग्रंथपालांच्या राष्ट्रीय संस्थेनें या शतकाच्या आरंभापासून हा उपक्रम चालविला असून अलीकडे त्यांत भाग घेणारांची संख्या दहा लाखांच्याही वर गेली आहे. २०२१ सालीं तर ती गोष्ट पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या अंतराळस्थानकांतून एका अमेरिकन अंतराळयात्री बाईंनीं वाचून दाखविली. २०२४ सालचें पुस्तक ऑरा पार्कर या लेखिकेचें होतें, आणि त्याचा नायक एक पक्षी होता. मुलांस वाचनाची गोडी लागावी हा या सोहळ्याचा मुख्य हेतु; परंतु निवडलेल्या पुस्तकांत पशुपक्ष्यांचा भरणा पुष्कळ असल्यामुळें अक्षरांबरोबर रानांतील जीवांचीही ओळख मुलांस आपोआप होत जाते.

ही कल्पना अगदीं आजची, यंत्रयुगाच्या दळणवळणामुळेंच सुचलेली, असें पुष्कळांस वाटतें. इतिहासाच्या विद्यार्थ्यास तसें वाटण्याचें कारण नाहीं. एकच मजकूर असंख्य मुलांच्या मुखीं देऊन त्यांच्या ठिकाणीं रानांतल्या जीवांविषयीं ममता उत्पन्न करण्याचा प्रयोग त्याच देशांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे, आणि त्याचा जो निकाल लागला तो आजच्या सहवाचनाच्या पुरस्कर्त्यांनीं नीट न्याहाळण्यासारखा आहे. त्यांत मोठें यश आहे. आणि त्या यशाच्या अगदीं शेजारीं, एका समुद्राच्या पट्टीपलीकडे, तितकेंच मोठें अपयशही आहे. सहसा पहिलें सांगितलें जातें व दुसरें गाळलें जातें. येथें दोहोंचाही विचार करावयाचा आहे.

व्हिक्टोरिया ही तेव्हांची ब्रिटिश वसाहत. सोन्याच्या खाणींमुळें ती झपाट्यानें भरभराटीस आली, आणि १८७२ सालच्या कायद्यानें तिनें प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचें व धर्मपंथांपासून अलिप्त असें केलें. शाळा तर निघाल्या. परंतु त्या शाळांत मुलें वाचीत काय? तर 'रॉयल रीडर्स' या नांवाचीं, स्कॉटलंडांतील नेल्सन कंपनीनें छापलेलीं क्रमिक पुस्तकें. त्यांतला निसर्ग बव्हंशीं विलायतेचा. मेलबर्नच्या मुलास डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. विलायती पुस्तकांतला डिसेंबर मात्र बर्फानें गोठलेला. खिडकीबाहेर कूकाबरा पक्षी माणसासारखा खदखदां हंसत असे, आणि विलायती धड्यांतून भेटत ते रॉबिन आणि चंडोल. डॅफोडिलचें फूल जन्मांत न पाहतां त्यावरील कविता तोंडपाठ म्हणणाऱ्या पिढ्या आपल्याकडेही होऊन गेल्या असल्यामुळें या विसंगतीची कल्पना मराठी वाचकास निराळी करून द्यावयास नको. ज्या पांखराचें नांव पुस्तकांत नाहीं, तें पांखरूं शाळकरी मुलाच्या लेखीं जवळजवळ नसतेंच. असलें तर दगड मारण्यापुरतें किंवा त्याचीं अंडीं पळविण्यापुरतें.

हें चित्र पालटण्यास जें साधन कारण झालें तें दिसावयास अगदीं सामान्य होतें. १८९६ सालीं व्हिक्टोरियाच्या शिक्षणखात्यानें 'स्कूल पेपर' या नांवाचें मुलांचें मासिक काढिलें. चार्ल्स लाँग या विद्वान अधिकाऱ्यानें त्याचें संपादन दीर्घकाळ केलें. किंमत अवघी एक पेनी, पानें थोडीं, इयत्तांच्या मानानें अंक निराळे. राजधानींतील मोठमोठ्या शाळांपासून तों मॅलीच्या कोरड्या प्रदेशांतील एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या शाळेपर्यंत तो दर महिन्यास पोंचे. खात्याचीं स्वतःचीं क्रमिक पुस्तकें १९३० च्या सुमारास निघालीं. तोंपर्यंत कितीएक पिढ्यांस वाचन म्हणून जें ठाऊक होतें तें हेंच. वर्गांत वाचन त्या काळीं मोठ्यानें चाले. एकानें वाचावें, इतरांनीं बोट फिरवीत ऐकावें. म्हणजे एकाच महिन्यांत, शेंकडों मैलांच्या अंतरावर, परस्परांस कधींही न दिसणारीं मुलें एकच पान, एकाच सुरांत वाचीत असत. बालभारतीचा एखादा जुना धडा निघाला कीं पन्नाशींतले दोन अनोळखी प्रवासी आगगाडीच्या डब्यांत एकदम शेजारी होतात, हा अनुभव ज्यांस आहे त्यांस अशा समान पानाचें बळ समजेल.

हें बळ स्वभावतः चांगलेंच असतें, अशी मात्र समजूत करून घेऊं नये. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां ह्याच मासिकानें साम्राज्यनिष्ठेचे व रणांगणांतील पराक्रमांचे धडे त्याच मुलांच्या मुखीं घातले, आणि तेही तितक्याच तत्परतेनें पाठ झाले. ज्या नळानें पाणी येतें त्यानेंच दुसरें कांहींही येऊं शकतें. परंतु १९०९ सालीं त्या नळांतून पांखरें आलीं, आणि आपला विषय तो आहे.

त्या सुमारास फ्रँक टेट हे व्हिक्टोरियाचे शिक्षणसंचालक होते. घोकंपट्टीच्या शिक्षणाचा त्यांस तिटकारा असे. 'निसर्गाभ्यास' हा विषय त्यांच्या कारकीर्दींत शाळांत चांगला रुजला, आणि त्याच्या व्यवस्थेकरितां जॉन लीच यांची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. हे लीच शिक्षकांतून वर आलेले. पक्ष्यांचें वेड जबरदस्त. त्यांनीं १९०८ सालीं व्हिक्टोरियांतील पक्ष्यांची वर्णनात्मक यादी शिक्षकांच्या उपयोगासाठीं तयार केली, आणि तीच वाढवून १९११ सालीं ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांवरील एक सुटसुटीत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यापूर्वींचीं पक्ष्यांवरील पुस्तकें म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील भलेंमोठें, सोनेरी वेष्टणाचें ऐश्वर्य. हें पुस्तक खिशांत घालून रानांत न्यावें असें. पुस्तक हातांत धरून झाडाकडे पाहावें, झाडाकडे पाहून पुन्हां पुस्तकांत पाहावें, हा वाचनाचा एक अगदीं निराळा प्रकार त्यानें सामान्य माणसास शिकविला. साक्षरतेची व्याख्या करतांना आपण ह्या प्रकाराची गणना करीत नाहीं. ती करावयास हवी.

याच मंडळींतून, जेसी मॅक्मायकेल या शिक्षिकेच्या पुढाकारानें आणि ऑस्ट्रेलियाच्या पक्षिवेत्त्यांच्या संघाच्या साहाय्यानें, १९०९ सालीं 'गूल्ड पक्षिप्रेमी मंडळ' स्थापन झालें. देशाचे पंतप्रधान अल्फ्रेड डीकिन हे त्याचे पहिले अध्यक्ष. मुलानें एक प्रतिज्ञा करावयाची: मी आपल्या देशांतील पक्ष्यांचें रक्षण करीन आणि त्यांचीं अंडीं गोळा करणार नाहीं. प्रतिज्ञा केली म्हणजे सभासदत्वाचें प्रमाणपत्र मिळे. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यांतील सरकारी शाळांत 'पक्षीदिन' पाळला गेला. महिना मुद्दाम ऑक्टोबरचा. कारण दक्षिण गोलार्धांत तेव्हां वसंत असतो, घरट्यांत अंडीं असतात, आणि मुलांचे हात शिवशिवत असतात. १९१० सालीं शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्यें वेलिंग्टन गांवच्या शाळेंतून असेंच मंडळ निघालें व पुढें इतर राज्यांतही ही लाट पसरली.

पक्षीदिनीं नुसतें वाचन होत नसे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धडा वाचावयाचा, मग शिक्षकाबरोबर रानांत किंवा निदान शाळेच्या कुंपणापर्यंत जावयाचें, घरटें दिसल्यास हात न लावतां पाहावयाचें, आणि परत येऊन जें पाहिलें त्यावर निबंध लिहावयाचा. वाचन, दर्शन आणि लेखन अशी ही सांखळी आहे. ज्या मुलास लिहिण्यासारखें कांहीं सांपडत नाहीं त्याचें लेखन कसें खुरटतें हें कोणाही शिक्षकास माहीत आहे. येथें एका घरट्यानें त्यास विषय दिला. त्यामुळें या उपक्रमानें पक्ष्यांचें भलें अधिक केलें कीं मुलांच्या भाषेचें, हें सांगणें कठीण आहे, आणि दोहोंचा हिशेब निराळा ठेवण्याची आवश्यकताही नाहीं.

मंडळास ज्यांचें नांव दिलें ते जॉन गूल्ड मात्र अशा मंडळाचे आराध्यदैवत व्हावे ही नियतीची थट्टाच म्हणावयाची. माळ्याच्या घरांत जन्मलेला हा इंग्रज मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरण्याचा धंदा करी. त्याच्या कीर्तीचा पाया आपल्या हिमालयानें घातला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं: हिमालयांतून विलायतेस आलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरून त्यानें १८३० च्या सुमारास आपला पहिला चित्रग्रंथ काढिला, आणि त्यांतील चित्रें दगडावर उतरविलीं त्याची पत्नी एलिझाबेथ हिनें. हिमालयांत आढळणाऱ्या एका सुंदर शिंजिराच्या शास्त्रीय नांवांत ह्या साध्वीचें नांव अजून आहे. १८३८ सालीं हें जोडपें ऑस्ट्रेलियास गेलें. तेथें गूल्डनें व त्याच्या माणसांनीं हजारों पक्षी बंदुकीनें पाडले, त्यांतून सात खंडांचा तो विख्यात ग्रंथ निर्माण झाला, आणि त्याच गूल्डच्या नांवानें साठ वर्षांनीं शाळकरी मुलें एकही अंडें न उचलण्याची शपथ घेऊं लागलीं! परंतु यांत ढोंग नव्हतें. दुर्बीण व छायाचित्र सुलभ होण्यापूर्वींच्या काळांत पक्षी ओळखावयाचा तर तो हातांत मेलेलाच यावा लागे. नांवें ठेवून ठेवणाऱ्यांची पिढी संपली आणि सांभाळणाऱ्यांची आली, एवढाच त्याचा अर्थ.

अंडीं गोळा करणें हा त्या काळीं चोरटा धंदा नव्हता, प्रतिष्ठित छंद होता. पक्षिवेत्त्यांच्या संघांतील कित्येक सन्माननीय सभासदांचीं कपाटें अंड्यांनीं भरलेलीं असत, आणि टपालाचीं तिकिटें जमवावीं तशीं मुलेंही तीं जमवीत. तेव्हां प्रौढांच्या डोळ्यांदेखत मुलांनीं ही शपथ घेणें यांत थोडी बंडखोरीही होती. एखाद्या पिढीस जें भूषण वाटतें तें पुढील पिढीस लाजिरवाणें वाटूं लागणें, हें कायद्यानें क्वचित् साधतें. कायदे पूर्वींही होते. ते मोडणारा मुलगा फांदीवर व शिपाई दहा कोसांवर, अशी स्थिति होती. मुलाच्या शेजारीं बसून तोच धडा वाचलेला दुसरा मुलगा मात्र त्याच झाडाखालीं उभा होता. सहवाचनाचा खरा उपयोग हा: तें केवळ ज्ञान देत नाहीं, साक्षीदार निर्माण करतें.

चित्रांचाही या कामीं मोठा हातभार लागला. बायकांच्या टोप्यांवर लावावयाच्या तुऱ्यांसाठीं बगळ्यांची जगभर कत्तल चालली होती. हे तुरे विणीच्या हंगामांतच येतात. म्हणून बगळा मारला कीं घरट्यांतलीं पिलें उपाशीं मरत. मॅटिंग्ले नांवाच्या मेलबर्नच्या पक्षिप्रेमी गृहस्थानें १९०६ सालीं मरे नदीच्या परिसरांत बगळ्यांच्या लुटलेल्या वसाहतीचीं छायाचित्रें घेतलीं. मेलेले आईबाप, आणि चोंची वासून बसलेलीं, एकेक करून घरट्यांत कोसळणारीं पिलें. तीं चित्रें पुढें इंग्लंडांतील पक्षिरक्षक संस्थेनें हातीं घेतलीं, आणि १९११ सालीं लंडनच्या रस्त्यांतून पाठीपोटावर तीं अडकविलेलीं माणसें फिरविलीं. दुकानासमोर उभी असलेली बाई आणि तिच्या टोपीवरचा तुरा यांच्यामध्यें तें चित्र येऊन उभें राहिलें. पिसांच्या आयातीस बंदी करणारा ब्रिटिश कायदा १९२१ सालीं झाला. वाचतां न येणाऱ्यासही वाचतां यावें असें हें सामुदायिक वाचनच म्हटलें पाहिजे.

येथवर यशाची कथा झाली. आतां तिची दुसरी बाजू.

पक्षीदिनाच्या प्रचारांत एक युक्तिवाद वारंवार येई: पक्षी किडे खातात, म्हणून ते शेतकऱ्याचे मित्र आहेत, म्हणून त्यांस मारूं नये. शेतकऱ्याच्या मुलास हा युक्तिवाद पटे, व तो वापरणाऱ्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु उपयुक्ततेच्या पायावर उभारलेली दया उपयुक्ततेबरोबरच संपते. याचा एक नमुना आपल्या परिचयाचा आहे. मेलबर्नच्या भाजीमळ्यांतील किडे खावेत म्हणून १८६२ सालीं आपली साळुंकी तेथें मुद्दाम नेऊन सोडली; आज तीच तेथें उपद्रवी परकी पक्षी म्हणून गणली जाते. ईमूचें पहा. १९०८ पासून तो देशाच्या राजचिन्हावर कांगारूच्या जोडीनें उभा आहे. पण १९३२ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतील गव्हाच्या शेतांत तो शिरला तेव्हां त्याच्यावर सैनिकांकरवीं मशीनगन चालविण्यांत आली. (ईमूंनीं त्या सेनेस दाद दिली नाहीं, ही गोष्ट निराळी.) त्याच राज्यांत १९२८ पासून चाळीस वर्षांत सुमारें दीड लाख गरुड इनामासाठीं मारले गेले. कोंकरें पळविणाऱ्या गरुडास शेतकऱ्याच्या मित्रांत जागा नव्हती.

परंतु याहूनही बोलकें उदाहरण पक्ष्याचें नाहीं. व्हिक्टोरियाच्या दक्षिणेस, समुद्राच्या पट्टीपलीकडे, टास्मानियाचें बेट आहे. तेथें थायलसिन नांवाचा प्राणी राही. कुत्र्यासारखें अंग, पाठीवर पट्टे, आणि कांगारूप्रमाणें पोटाला पिशवी. वाघाशीं किंवा लांडग्याशीं त्याचें कांहींएक नातें नव्हतें. पण वसाहतकऱ्यांनीं त्यास नांवें दिलीं तीं वाघ, लांडगा, तरस अशीं. नांवांतच आरोपपत्र होतें. मेंढ्या मरत त्या मोकाट कुत्र्यांमुळें, चोरांमुळें व मालकांच्या गैरव्यवस्थेमुळेंही. पण सारें खापर या प्राण्यावर फुटलें. १८८८ पासून टास्मानियाचें सरकार प्रत्येक मोठ्या थायलसिनमागें एक पौंड व पिलामागें दहा शिलिंग इनाम देऊं लागलें. सरकारी दप्तरांत अशा २,१८४ इनामांची नोंद आहे. शेवटचें इनाम दिलें गेलें तें १९०९ सालीं.

म्हणजे ज्या वर्षीं व्हिक्टोरियाचीं मुलें पांखरांच्या रक्षणाची शपथ घेत होतीं, त्याच वर्षीं पलीकडच्या बेटावर हा हिशेब बंद होत होता. दया आली म्हणून नव्हे, तर प्राणीच मिळेनासा झाला म्हणून. यांत मुलांचा अपराध नाहीं, शिक्षकांचा तर नाहींच. दोन्ही राज्यें निराळीं, कारभार निराळा. तथापि एवढें खरें कीं, थायलसिनसाठीं कोणी दिन पाळला नाहीं, प्रतिज्ञा रचली नाहीं. तो पानाच्या बाहेर राहिला. सहवाचनानें उत्पन्न होणारी ममता पान जेथें संपतें तेथें संपते. म्हणून त्या पानावर कोणास घ्यावें हा प्रश्न संपादकाच्या आवडीनिवडीचा राहत नाहीं. गंमत अशी कीं, या प्राण्याचें भवितव्य ओळखणाराही गूल्डच होता. बेटावर वस्ती दाट झाली कीं इंग्लंडच्या लांडग्याप्रमाणें हाही केवळ आठवणींत उरेल, असें त्यानें १८६३ सालींच लिहून ठेविलें होतें. त्याच्या नांवाचें मंडळ निघालें. त्याचा हा परिच्छेद मात्र मोठ्या किंमतीच्या ग्रंथांत राहिला. थायलसिनला कायद्याचें संरक्षण मिळालें १० जुलै १९३६ रोजीं, आणि शेवटचा ज्ञात थायलसिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयांत मेला त्याच वर्षीं ७ सप्टेंबरला. मध्यें एकोणसाठ दिवस होते.

आतां कोणी म्हणेल, पानावर आला असता तर वांचला असता काय? या प्रश्नाचें उत्तर कोआलाच्या इतिहासांत थोडेंबहुत सांपडतें. केसाळ कानांचा, झाडावर राहणारा, युकॅलिप्टसचीं पानें खाणारा हा गरीब जीव. १९२७ सालच्या ऑगस्टांत क्वीन्सलंडच्या सरकारनें त्याच्या शिकारीस मोकळीक दिली, आणि महिन्याभरांत सहा लाखांच्या आसपास कोआला कातड्यासाठीं मारले गेले. देशभर ओरड झाली. त्यानंतर अशी मोकळीक पुन्हां देण्याची कोणाची छाती झाली नाहीं. १९३३ सालीं डॉरथी वॉल या लेखिकेनें कोआलाच्या एका खोडकर पोराची गोष्ट प्रसिद्ध केली. तींत त्याचा बाप बंदुकीनें मारला जातो. तत्पूर्वीं १९१८ सालीं मे गिब्स या बाईंनीं आपल्या रानफुलांच्या गोष्टींच्या आरंभींच, रानांतल्या जीवांशीं ममतेनें वागावें, अशी माणसांस विनंति केली होती. हीं पुस्तकें घराघरांत गेलीं, आया वाचून दाखवूं लागल्या, आणि कोआलास मारणें ही गोष्ट अमंगळ ठरली. गोष्टीनें बंदूक थांबविली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण थांबलेली बंदूक पुन्हां उचलणें तिनें अशक्य केलें.

आणि तरीही २०२२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारला क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स व राजधानीच्या प्रदेशांतील कोआला संकटग्रस्त म्हणून जाहीर करावा लागला. ज्याच्यावर मुलांचें इतकें प्रेम, ज्याचीं कापसाचीं बाहुलीं घरोघर, त्याची ही स्थिति! कारण यावेळीं शत्रूच्या हातांत बंदूक नव्हती. जंगल तोडून गुरांचीं कुरणें झालीं, घरें झालीं, रस्ते झाले. दुष्काळ, रोग व वणवे यांनीं उरलेलें काम केलें. अंडें उचलणारा हात मुलाचा स्वतःचा होता, म्हणून प्रतिज्ञेनें तो आवरला. झाड तोडणारा हात कोणाचा? तो कराराच्या कागदावर सही करणारा, दूर कोठें तरी कचेरींत बसलेला हात आहे. आणि त्यानेंही लहानपणीं कोआलाची गोष्ट आवडीनें ऐकलेली असणें अगदीं शक्य आहे. मुलांच्या वाचनानें हाताची क्रूरता कमी होते. व्यवहाराची होत नाहीं. सहवाचनाच्या सोहळ्यांत जे लोक रानांच्या रक्षणाची पूर्ण हमी पाहतात ते मुलांच्या खांद्यावर वडिलांचें ओझें ठेवीत आहेत, असें मला स्पष्ट वाटतें.

आरंभीं ज्या २०२४ च्या पुस्तकाचा उल्लेख केला तें या दृष्टीनें फार शहाणपणानें निवडलेलें होतें. त्याच्या नायकास आपण कुंजपक्षी म्हणूं. याचा नर काळानिळा, तकतकीत. मादीस रिझविण्यासाठीं तो जमिनीवर काड्यांच्या दोन भिंती उभारून एक लहानसा कुंज रचतो आणि त्याच्या अंगणांत निळ्या वस्तु मांडतो. पूर्वीं त्या वस्तु म्हणजे पोपटांचीं पिसें, रानफुलें. आतां त्यांत बाटल्यांचीं झांकणें, प्लॅस्टिकच्या नळ्या, कपडे वाळत घालण्याचे चिमटे यांची भर पडली आहे, कारण मनुष्यानें रानांत सर्वांत अधिक टाकलेली निळी वस्तु तीच. दुधाच्या बाटलीच्या झांकणाखालचें निळें कडें तो चोंचींत धरतो, कधीं तें त्याच्या गळ्यांत अडकतें, आणि सौंदर्याचा तो भोळा उपासक त्या हारानेंच मरतो. हें कडें फेंकण्यापूर्वीं कात्रीनें कापून टाकणें चार वर्षांच्या मुलासही जमतें. म्हणजे १९०९ सालच्या अंड्याप्रमाणेंच ही गोष्ट मुलाच्या स्वतःच्या हातची आहे. पक्ष्याची निळ्याची हांव व आपली प्लॅस्टिकची हांव यांतलें साम्य मुलांच्या ध्यानांत येतेंच. आणि शेजारीं बसून वाचणाऱ्या प्रौढांच्या ध्यानांत तें आलें तर सहवाचनास आणखी एक अर्थ प्राप्त होईल. कारण या वाचनांत १९०९ च्या मानानें एक फरक आहे. तेव्हां वर्गांत मुलेंच होतीं. आतां ग्रंथालयांत मुलाच्या जोडीला आईबाप बसलेले असतात.

थायलसिनच्या मृत्यूचा दिवस, ७ सप्टेंबर, १९९६ पासून ऑस्ट्रेलियांत संकटग्रस्त जीवांचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं जगभर साक्षरतादिन असतो. पंचांगांतील हा निव्वळ योगायोग. पण शाळांस तो सोयीचा आहे.

त्या शेवटच्या थायलसिनचें पुढें काय झालें हें कित्येक दशकें कोणास ठाऊक नव्हतें. संशोधक त्याचे अवशेष शोधीत होते. ते टाकून दिले असावे, अशी समजूत झाली होती. २०२२ च्या डिसेंबरांत होबार्टच्या संग्रहालयानें जाहीर केलें कीं, ते संग्रहालयांतच होते. तो प्राणी म्हणजे एक म्हातारी मादी होती. तिला पकडण्यासाठीं वापरलेली फांसे लावण्याची रीत बेकायदेशीर असल्यामुळें तिच्या विक्रीची नोंद झाली नव्हती, आणि म्हणून पुढें तिची ओळखही राहिली नाहीं. तिचें कातडें पेंढा न भरतां सपाट कमावलेलें होतें, तें अशासाठीं कीं, उचलून नेण्यास हलकें जावें. हाडें पांच पुठ्ठ्यांवर जडविलेलीं होतीं. संग्रहालयाच्या शिक्षणविभागाच्या सामानांत तीं असत, आणि टास्मानियांतील पिशवीवाल्या प्राण्यांचा धडा चालला असतां शाळकरी मुलांस दाखविण्यासाठीं बाहेर काढलीं जात. हें कातडें त्या जातींतल्या शेवटच्या जीवाचें आहे, हें मुलांस कोणी सांगितलें नाहीं. दाखविणाऱ्यांसही तें माहीत नव्हतें.